दुखवट्याच्या घरी झेनचं वचन पाठवू का?

‘ओळखीत एक जण गेलेत, त्यांच्या घरच्यांना पाठवायला झेनमधलं फुलांवरचं एखादं छान वचन सांगा ना.’ मी झेन, म्हणजे जपानमधल्या बौद्ध ध्यानपंथाचं, वाचते हे कळल्यापासून वर्षातून चार-पाच वेळा तरी हा फोन येतो. मी टाळाटाळ करते आणि समोरच्याला वाटतं, हिला सांगायचं नाहीये. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगते. पाठवू नका.

मी पाठवलं होतं. मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. चौथ्या दिवशी मी तिला र्योकान या जपानी झेन भिक्खूच्या साकुरावरच्या, म्हणजे चेरीच्या फुलांवरच्या, ओळी पाठवल्या: ‘गळणारी साकुराची फुलं, फांदीवर उरलेली, तीही गळणारीच.’ याहून खरं आणि सुंदर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. उत्तर आलं नाही. सात-आठ महिन्यांनी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, ‘तू ते फुलांचं पाठवलंस ना, ते मी पुसून टाकलं. रात्री दोन वाजता उघडलं होतं. मला वाटलं, तू म्हणतेयस, एवढं काय त्यात, सगळेच जातात.’

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण बोलणारी मी होते आणि गेलेलं माणूस तिचं होतं. अशा वेळी त्या ओळींचा दुसरा अर्थ लागणार तरी कसा?

त्यानंतर मी र्योकान पुन्हा वाचायला घेतला. १७५८ ते १८३१ हा त्याचा काळ. जपानच्या एचिगो प्रांतातला, म्हणजे आजच्या निइगातातला, सोतो या झेन पंथाचा भिक्खू. ना मठ, ना शिष्यांचा गोतावळा. कुगामी डोंगरावरच्या झोपडीत राहायचा, भिक्षेला निघायचा आणि वाटेत पोरं भेटली की त्यांच्याशी चेंडू खेळत बसायचा. साकुराच्या त्या ओळी त्याच्या निरोपाच्या म्हणून ओळखल्या जातात. शेवटच्या आजारात अतिसाराने तो पार खंगला होता. त्या दिवसांतली त्याची एक कविता आहे: ही रात्र उजाडणार कधी, उजाडलं की बाई येऊन घाण धुऊन काढेल, तोवर नुसतं लोळत तळमळायचं, केवढी लांब ही रात्र. ही कविता वाचल्यावर साकुराच्या ओळी मला वेगळ्या ऐकू यायला लागल्या. त्यात गळायला लागलेलं फूल स्वतः बोलतंय. फांदीवर सुखरूप बसून दुसऱ्याला समजवायला त्या नाहीत.

तरी कुणी म्हणेल, र्योकानने स्वतः दुसऱ्याला असं लिहिलंच आहे की! खरं आहे. १८२८च्या अखेरीस त्याच्या भागात, सांजोला, मोठा भूकंप झाला. हजारावर माणसं गेली. जुना स्नेही यामादा तोको याला त्याने पत्र लिहिलं: संकट यायच्या वेळी संकट यावं हे बरं, मरायच्या वेळी मरावं हे बरं, संकटातून सुटायचा हाच नामी उपाय. हे वाक्य जिकडेतिकडे छापलेलं सापडतं. पण त्याच पत्रात एक कविताही आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. एकदम मरून गेलो असतो तर बरं, मेलो नाही, जगत राहिलो आणि हे असलं दुःख बघायची वेळ आली, अशी ती आहे. म्हणजे आधी त्याच्या डोळ्यांत पाणी आहे आणि मग ते वाक्य. कविता गाळून नुसतं वाक्य पाठवलं की ते दगडासारखं लागतं.

हीच फुलं दुसऱ्याच्या गळ्यात घातली तर काय होतं, तेही जपानने पाहिलंय. १९४५मध्ये जपानी नौदलाने आत्मघाती रॉकेट-विमानं वापरली. एकदा सोडल्यावर चालकाला परत यायची सोयच नव्हती. त्या विमानाचं नाव होतं ‘ओका’, म्हणजे साकुराचं फूल. विशीतल्या पोरांना गळायला सांगणारे वेगळे होते आणि गळणारे वेगळे. मला याची अजून चीड येते.

मला हे खरं तर लहानपणीच कळायला हवं होतं. नागपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात आई पुष्पपूजेची गाथा म्हणायची: ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.’ हे फूल कोमेजतं तसं माझं शरीरही नाशाकडे जातं. ‘मे’ म्हणजे माझं. तुझं नाही, शेजारणीच्या नवऱ्याचं नाही. फूल स्वतःच्या हाताने वाहायचं आणि स्वतःबद्दलच म्हणायचं. ‘ध्यान’ चीनमध्ये जाऊन ‘चान’ झालं, जपानात ‘झेन’ झालं, पण फुलाजवळची ही गोष्ट बदलली नाही असं मला वाटतं. म्हणून ही वचनं मी सोडलेली नाहीत. साकुराच्या ओळी माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आहेत. सकाळी साडी काढताना मी त्या वाचते. माझ्यासाठी.

मग पाठवायचं काय? तुम्ही स्वतः जा. जमत नसेल तर फोन करा आणि गेलेल्याचं नाव घेऊन बोला. जाताना डबा न्या, दोन वेळचं वरण-भात होईल एवढा.

मी मैत्रिणीची माफी मागितली. मागच्या पावसाळ्यात तिच्याकडे गेले, तेव्हा फोटोपुढे पितळी वाडग्यात पाण्यावर सोनचाफा ठेवलेला होता. आदल्या दिवशीची फुलं कडेने तपकिरी पडली होती, पण वास अजून होता. तिने ती एकेक करून उचलली, पाणी बदललं आणि नवी ठेवली. जुनी खिडकीतल्या कुंडीत मातीवर ठेवली. तिथे आधीच्या आठवड्याची काळी पडलेली होतीच. मी काही बोलले नाही. ती म्हणाली, ‘त्याला हा वास आवडायचा.’ मग तो बाजारातून येताना चाफा कसा शर्टाच्या खिशात घालून आणायचा ते ती सांगत बसली. आम्हाला दिवा लावायचं भानही राहिलं नाही.