पोचल्यावर फोन करजो

नागपुरात कोणीही घराबाहेर पडलं, मग ते पुण्याला निघालेलं असो की नुसतं वर्धेला, मागून एक वाक्य येतंच: ‘पोचल्यावर फोन करजो.’ माझ्या आईचं हे वाक्य चपलेच्या आवाजावर सुरू होतं. वय एकोणऐंशी, ऐकायला कमी येतं, पण दाराशी कोणी चप्पल घातलेली मात्र तिला स्वयंपाकघरात कळते.

गेल्या डिसेंबरात या वाक्याची पंचाईत झाली. आम्ही घरच घेऊन निघालो होतो.

झालं असं की साडूंनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि वाडीकडच्या एका कारखान्यात देऊन तिची कॅरव्हॅन करवून घेतली. दोन बर्थ, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनेल, मेव्हणीने शिवलेले पडदे. कामाला दहा महिने लागले आणि आरटीओच्या कागदांना किती, ते साडूंसमोर विचारू नये. त्यांची लेक अमेरिकेत असते. तिकडे अशा गाडीला आरव्ही म्हणतात म्हणून साडूही आरव्हीच म्हणतात. आमच्या गल्लीतली पोरं ‘आइस्क्रीमची गाडी’ म्हणतात.

निघताना आईने सवयीप्रमाणे ‘पोचल्यावर’ म्हटलं आणि मी ‘हो’ म्हणालो. कन्हानचा पूल ओलांडेपर्यंत मला काही वाटलं नाही. मनसरला गाडी बाजूला घेऊन बायकोने आत चहा टाकला, मी बर्थवर पाय पसरले, आणि मग प्रश्न पडला की आता आपण पोचलो का? चहा झाला, अंथरूण आहे, चपला दारात काढल्यात. पोचणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

फोन तेवढ्यापुरता टाळला. खरं तर आमच्या घरात ‘पोचलो’चा फोन ही केवढी मोठी गोष्ट होती. आधी एसटीडीचा पिवळा बोर्ड शोधायचा, काचेच्या खोक्यात घुसायचं आणि मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत ‘पोचलो, बरा आहे, ठेवतो’ एवढं एका दमात म्हणायचं. 31 जुलै 1995 ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. ते 2003 मध्ये थांबलं. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं आमचं कुटुंब मिस्ड कॉलवर चाललं. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे पोचलो, पण तू फोन लाव. आईला ही लिपी इतकी पक्की झाली होती की एकदा चुकून तीन रिंगा गेल्या तर तिने शेजाऱ्यांना उठवलं.

पवनीच्या फाट्यावरून आम्ही सिल्लारीकडे वळलो. पेंचचं जंगल सुरू झालं आणि माझ्या फोनच्या काड्या एकेक करून गळाल्या. शेवटी ‘फक्त आपत्कालीन कॉल’ एवढंच उरलं. म्हणजे आपलं कार्ड मुकं झालं तरी आसपास कोणत्या ना कोणत्या कंपनीचा टॉवर आहे आणि 112 लावला तर तो घेईल. आई ही आपत्ती आहे की नाही, यावर गाडीत थोडी चर्चा झाली.

साडूंकडे दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं. त्याला दारातून बाहेर हात काढला की दोन काड्या, हात आत घेतला की शून्य. गाडीचा पत्रा रेंज अडवतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. आपण डब्यात बसून बाहेरच्यांशी बोलायला बघतोय म्हटल्यावर मात्र लगेच पटलं. शिवाय रेंज कमी पडली की फोन आपला आवाज चढवतो, म्हणजे जास्त ताकदीने टॉवरला हाका मारत बसतो. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी एकवीस टक्क्यांवर का आली, तेही कळलं. आमच्या आईसारखंच झालं ते. समोरचा गप्प राहिला की ती आणखी मोठ्याने बोलते.

अमेरिकेतले आरव्हीवाले दोन-तीन कंपन्यांची कार्डं बाळगतात आणि टपावर अँटेना लावून आत रीतसर रेंज वाढवणारा बूस्टर बसवतात, असं लेकीने कळवलं होतं. साडूंनी तसा एक बघूनही ठेवला होता. पण आपल्याकडे परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा. एका गाडीची सोय होते आणि आजूबाजूच्या सगळ्यांच्या फोनची वाट लागते. तेव्हा बूस्टर राहिला आणि बायकोने बटवा काढला. काठापदराचा, नाडीवाला, लग्नात वाणात आलेला. त्यात साडूंचा फोन हॉटस्पॉट चालू करून ठेवला, नाडी बांबूच्या टोकाला बांधली आणि बांबू गाडीच्या शिडीला. बटवा वर जाऊन हेलकावे खाऊ लागला आणि आत, शेगडीजवळ, त्याच्या वायफायवर माझा व्हॉट्सअॅप कॉल लागला! साडूंनी दहा महिने जे केलं, त्यापेक्षा या बटव्याचं कौतुक जास्त झालं. ते थोडे गप्पच होते जेवताना.

बांबू वर जायच्या आधी पलीकडच्या शेतातला एक म्हातारा आमची धडपड बघत उभा होता.

‘‘इथं टावर नाही राहत भाऊ. त्या मोहाखाली जा. आन् फायजी काढून टाका, त्याच्यानं काही होत नाही.’’

हे फाईव्ह-जीचं त्याला कोणी शिकवलं देव जाणे, पण बरोबर होतं. मारबतीच्या मिरवणुकीतला ढोल चार गल्ल्यांपलीकडून कळतो, झांज तिथवर पोचत नाही. टॉवरचंही तसंच आहे. 700, 800, 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडाभिंतींतून वाट काढतात. फाईव्ह-जीच्या 3300च्या पट्ट्यातल्या लहरींवर डेटा वेगाने येतो खरा, पण त्या लवकर दमतात. मी फोन फोर-जीवर आणला. मोहाखाली खरंच तीन काड्या आल्या. खालची माती चांगली तुडवलेली होती आणि विड्यांची थोटकं पडली होती. अख्खं गाव इथेच येऊन बोलत असणार.

पण तोवर घरी व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाचा हुशार, त्याने सकाळीच मला आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवायला लावलं होतं. आई तो गोल ठिपका हरिपाठाच्या निष्ठेने बघत बसली होती. आम्ही फाट्यावर रेंजबाहेर गेलो आणि ठिपका तिथेच थिजला. बिचाऱ्या जीपीएसचा काही दोष नाही. त्याला उपग्रहांकडून आपली जागा नेटवर्कशिवायही कळते, फक्त ती घरी कळवायला टॉवर लागतो. हे आईला कोण सांगणार? बटव्यातून फोन लागला तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते असं:

‘‘तीन तासांपासून एकाच जागी उभे आहात. पंक्चर झाली का?’’

‘‘अगं नाही, आम्ही पुढे आलो. जेवून राहिलो.’’

‘‘म्हणजे पोचले?’’

‘‘पोचलो असं नाही... उद्या पुढे जाऊ.’’

‘‘मग आज कुठं आहे?’’

‘‘गाडीत.’’

पलीकडे शांतता. मग फोन भावाकडे गेला. त्याने तोवर रामटेकच्या कोणा ओळखीच्याला मोटारसायकल घेऊन फाट्यावर पाठवलं होतं. त्या गृहस्थांची माफी मागायची अजून राहिली आहे.

रात्री दिवे घालवून बाहेर खुर्च्या टाकल्या. महाराष्ट्राच्या पेंचला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, देशातला पहिला. म्हणजे इथे अंधार राखून ठेवतात. इतके तारे मी नागपुरात कधी बघितले नव्हते. सगळे माना वर करून होते आणि त्या काळोखात बांबूवर आमचा बटवा मधूनमधून उजळत होता. साडूंच्या ऑफिसच्या ग्रुपवर कोणाचा तरी वाढदिवस होता. शेवटी त्यांनीच उठून तो खाली उतरवला.

पुढचे तीन दिवस मी एक तोडगा काढला. संध्याकाळी सात वाजता, असू तिथून, रेंज शोधून फोन करायचा आणि काय स्वयंपाक केला ते सांगायचं. गावाचं नाव सांगितलं की आई प्रश्न विचारते. वांग्याची भाजी सांगितली की तिला आम्ही कुठेतरी आहोत हे पटतं. खवासा ओलांडून मध्य प्रदेशात शिरलो तेव्हा स्वागताचा मेसेज आला. पूर्वी इथून रोमिंग लागायचं, माणसं हद्दीआधी घाईघाईने फोन ठेवायची. त्या दिवशी मी भरल्या टमाट्यांवर सावकाश वीस मिनिटं बोललो.

परत आलो तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. आईला कशाला उठवा, म्हणून गल्लीतल्या कडुनिंबाखाली गाडी लावली आणि आतच झोपलो. पहाटे साडेपाचला फोन वाजला. पडदा सारून बघितलं तर वरच्या गॅलरीत शाल पांघरून आई, कानाला फोन, नजर खाली आमच्या टपावर.

‘‘पोचले का रे?’’

‘‘पोचलो.’’

‘‘चहा ठेवून राहिली. येताना दुधाची पिशवी घेऊन येजो.’’