भिंत उघडी आहे तोवरच

यंदा उन्हाळ्यात आमच्या अमेरिकेतल्या, मिनियापोलिसच्या घराचं सायडिंग, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या फळ्या, बदलायला काढल्या. त्याच कामात भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थरही बसवून घेतोय. कोल्हापूरच्या मामांचा जन्म गवंडीकामात गेला. व्हिडिओ कॉलवर सांगाडा बघून म्हणाले, "आरं, आत एवढा कापूस भरलाय, मग वरनं आणि कशाला?"

प्रश्न अगदी नेमका. इथली भिंत विटांची नसते. दर १६ इंचांवर लाकडी खांब, मधे ग्लासवूलची गादी. उष्णतारोध 'आर'मध्ये मोजतात, आकडा मोठा तेवढा रोध जास्त. साडेतीन इंच गादीचा आर-१३, तेवढ्याच लाकडाचा जेमतेम आर-४. दारं-खिडक्यांभोवतीचं धरून भिंतीचा सुमारे पाव भाग लाकूडच असतो. जानेवारीत पारा उणे २० च्या खाली गेला की घरातली ऊब तिथून भराभर बाहेर पडते. आतून कितीही भरा, खांब उघडेच राहतात. बाहेरून सलग थर दिला तरच ते घोंगडं पांघरल्यासारखे झाकले जातात. एरवी यासाठी परांची बांधून फळ्या उतरवणं परवडत नाही; तो खर्च आता होतोच आहे.

थर पातळ मात्र नको. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ भिंतीत शिरते आणि खांबांवर बाहेरून ठोकलेल्या गार प्लायवूडवर तिचं पाणी होतं. थर जाड असला की प्लायवूड उबदार राहतं. पातळ फोम लावला तर ते गारच राहतं, वर बाहेरच्या बाजूनं सुकणंही बंद होतं. इथल्या थंडीत अशा भिंतीला बाहेरून किमान आर-७.५ लागतो. आम्ही दोन इंची रॉकवूल घेतलं, सुमारे आर-८. ते जळत नाही, वाफ अडवत नाही, आणि बेसाल्ट वितळवून केलेलं असतं. म्हणजे आपला काळा पत्थर! मामा खूश झाले.

त्यावर उभ्या पट्ट्या, मग नव्या फळ्या. पट्ट्यांमुळे पाऊण इंच पोकळी राहते, आत शिरलेलं पाणी निथळतं, हवा खेळते. कोल्हापूरकरांनी उचलावं ते हेच. आपल्याकडे उणे २० नाही, पण जुलैची झड आहे. पश्चिमेच्या भिंतीवर पत्रे मारणार असाल तर ते भिंतीला चिकटवू नका. मागे उभ्या पट्ट्या द्या, खाली-वर हवेला वाट ठेवा.

"आणि खिडकीपाशी?" मामांनी विचारलंच. तिथंच खरी कारागिरी. खिडकी पावणेतीन इंच आत जाते, म्हणून चौकट पुढं वाढवायची. खिडकीच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या पट्टीची मागची कड भिंतीवरच्या जलरोधक कागदाच्या आत गेली पाहिजे. कागदावरून लावली, तर पाणी थेट भिंतीत.