तात्या तलाठी आणि त्यांची हद्द

सोमवार, रात्री

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. बाहेर आषाढाचा पाऊस, वाळत घातलेले कपडे तीन दिवस दमट, आणि हे गृहस्थ दिवाळीबद्दल बोलत होते. आमच्या धंद्यात दिवाळी पावसाळ्यातच येते. कथा पावसाळ्यात लिहायची, तिची मुद्रितं पितृपंधरवड्यात तपासायची. भुताच्या कथेला याहून चांगला मुहूर्त कुठला?

मागणी अशी: "ताई, या वेळी भूत द्या. पण घाबरवणारं नको, हसरं द्या. आणि रहस्य पाहिजेच, तुमचा वाचक रहस्यासाठी येतो." म्हणजे भूतच गुप्तहेर. मी "बघते" म्हटलं. लेखकाचं "बघते" म्हणजे "हो" असतं, हे संपादकांना पाठ झालं आहे.

फोन ठेवल्यावर मात्र पोटात गोळा आला. इतकी वर्षं मी खून, चोऱ्या, बनावट मृत्युपत्रं लिहिली, पण भूत कधी घेतलं नाही. रहस्यकथेच्या घरात भुताला मज्जाव आहे म्हणून. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. त्यातली दुसरी हीच, की कथेत दैवी किंवा अमानवी शक्ती आणायची नाही. (तिसरी मला जास्त आवडते: गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. एक चालेल. पाद्री दयाळू असावा.) त्याच्याही आधी, १९२४ च्या एका कथेत, शेरलॉक होम्स वॉटसनला बजावतो की आपली कचेरी घट्ट जमिनीवर उभी आहे, इथे भुतांनी अर्ज करू नयेत. गंमत म्हणजे होम्सला जन्म देणाऱ्या कॉनन डॉयलचा मृतात्म्यांवर गाढ विश्वास होता. १९२६ मध्ये त्याने परलोकविद्येचा इतिहास दोन खंडांत लिहून काढला. स्वतः रात्री आत्म्यांशी बोलायचं आणि आपल्या गुप्तहेराला मात्र त्यांच्या वाऱ्याला उभं करायचं नाही, ही शिस्त मला फार मोठी वाटते.

बंदीचं कारणही योग्यच आहे. भूत भिंतीतून जातं, बंद कुलपाआडचं बघतं, मेलेल्याला थेट विचारू शकतं, "कुणी मारलं रे तुला?" कथा पहिल्याच पानावर संपली. मग वाचकाने पुढची वीस पानं काय चिवडा खात बसायचं?

बुधवार

दोन दिवस नुसत्या याद्या करते आहे. वहीत एका बाजूला आपली देशी भुतं, दुसऱ्या बाजूला त्यांचे नियम. लिहिता लिहिता लक्षात आलं की पाद्रीबुवांची भीती आपल्या भुतांना लागूच होत नाही. आपलं भूत सर्वशक्तिमान कधी नव्हतंच. प्रत्येकाला नेमून दिलेली जागा, ठरलेली खोड, ठरलेली भूक. मुंजा पिंपळ सोडत नाही. गिऱ्हा पाण्यातला, तो पाण्याशीच गाठणार. चकवा फक्त रस्ता चुकवतो, रात्रभर एकाच शेतात गोल गोल फिरवतो आणि उजाडलं की सोडतो, त्यापुढे त्याला काही येत नाही. देवचार गावाच्या हद्दीवर राखणीला, त्याला त्याचं वर्षाचं मिळालं की तो खूश. इतक्या काटेकोर अटी तर माझ्या जिवंत पात्रांनाही नसतात.

आणि पुरावे! हडळीचे पाय उलटे. म्हणजे चिखलात पावलं विहिरीकडे जाताना दिसली तर ती बाई विहिरीकडून आली आहे. लहानपणी आजीने हे सांगितलं तेव्हा मी पांघरुणात शिरले होते. आज वाटतं, आजी मला तपास कसा करायचा ते शिकवत होती. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाच्या पायाशी लोक नवसाच्या भल्यामोठ्या चामडी वहाणा ठेवतात. देव रात्री त्या घालून गावभर फिरतो, आणि वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, तिथे हात जोडूनच उभी राहते. पण "फिरतो कशावरून?" या प्रश्नाला "तळ बघा" असं उत्तर देणारी माणसं ही रहस्यकथेची जातिवंत वाचक आहेत, एवढं मात्र खरं.

मुंजाच घ्यावा असं आधी मनात होतं. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा, हट्टी, खोडकर, पिंपळावर बसून सगळ्या आळीवर नजर ठेवणारा. पण २०२४ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमा येऊन गेला. आता मुंजा लिहिला की वाचक तोच चेहरा डोळ्यांपुढे आणणार. भाचीने लगेच सुचवलं, "मग खवीस घे." खवीस हसरा कसा करायचा ते तिने सांगितलं नाही.

शेवटी समंधावर आले. वासना राहून गेलेला, काहीतरी राखत बसलेला. एरवी समंध धनाच्या हंड्यावर बसतो. माझ्या समंधाने कशावर बसावं?

गुरुवार

सापडलं. सकाळी बँकेच्या कामासाठी गावच्या जमिनीचा सातबारा काढून बघत होते. आमचा कोकणातला सातबारा म्हणजे सामाईक खातेदारांची अख्खी वंशावळ. त्यातले निम्मे वारलेले, उरलेले मुंबईला. एका नावापुढे अजून "अ.पा.क." लिहिलेलं. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे नोंद झाली तेव्हा तो खातेदार लहान होता आणि त्याच्या वतीने वडीलधारं माणूस बघत होतं. तो "अज्ञान" आज नातवंडं खेळवतो आहे. सज्ञान झाल्याची नोंद कुणी घातलीच नाही, म्हणून कागदावर तो अजून अज्ञानच.

माझा समंध तलाठी. तात्या. १९७९ साली गेले, दप्तरावर डोकं टेकून. एका पोराच्या नावापुढचं "अ.पा.क." वेळ झाली की मी स्वतः कमी करीन, असा शब्द त्याच्या आईला दिला होता, तो राहून गेला. त्या एका नोंदीसाठी ते सजा सोडायला तयार नाहीत.

आता हद्द आपोआप ठरली. तलाठ्याच्या अखत्यारीतली गावं म्हणजे त्याची सजा. तात्यांना त्या सजेबाहेर पाऊल टाकता येत नाही. व्हाळापलीकडे गुन्हा घडला तर ते अलीकडच्या काठावर उभे राहून चडफडणार. "तो सर्व्हे नंबर माज्याकडे नाय." भिंतीतून जातात, पण रुमालात बांधलेल्या दप्तराची गाठ त्यांना सुटत नाही, ती जिवंत माणसानेच सोडायची. हाताने लिहिलेलं वाचतात, संगणकाच्या पडद्यावरचं अक्षर त्यांना दिसतच नाही. आणि जे लेखी आलं नाही ते मानत नाहीत. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली, तात्या त्याआधी गेलेले. म्हणून ते अजून "जिल्हो रत्नागिरी" म्हणतात. कुणी दुरुस्त केलं तर विचारतात, "आदेश खंय आसा?"

त्यांच्या जोडीला जिवंत माणूस हवं. नवी तलाठी, सुरेखा, लातूरची. हे मी बघितलेलं आहे, कोकणातल्या कचेऱ्यांत मराठवाड्याची कितीतरी तरुण पोरं-पोरी नेमणुकीवर असतात. पहिला पावसाळा त्यांचा घामाघूम होण्यात आणि मालवणी न कळण्यात जातो. तात्या तिला विचारतात, "तू खंयची गो बाय?" ती म्हणते लातूर जिल्हा. तात्या म्हणतात, असा जिल्हाच नाही, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. तात्यांच्या हिशेबाने ते बरोबर आहे, लातूर जिल्हा झाला १९८२ ला. म्हणजे पहिल्याच भेटीत दोघांचेही जिल्हे अस्तित्वात नाहीत! वर तिचं पदनामही आता तलाठी राहिलेलं नाही, ग्राम महसूल अधिकारी झालंय. तात्यांना हे कसं सांगायचं, हा अख्खा एक प्रसंग लिहिला. लिहिताना एकटीच हसत होते. कामवाल्या मावशी स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या.

रविवार

तीन पानं फाडली. फार विनोदी झाली होती आणि गुन्हा कुठेतरी सांडला होता.

माझी पद्धत जुनीच आहे. आधी शेवट लिहायचा. मग एक तक्ता आखायचा: कोण, कुठे, केव्हा, आणि त्याला तेव्हा काय ठाऊक होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. रहस्यकथा चुकते ती बहुतेक तिथेच, पात्राला जे अजून कळलेलं नाही ते त्याच्या तोंडून निसटतं. भुताच्या कथेत हा रकाना दुप्पट जड होतो. तात्यांना रात्री काय दिसलं, कुठून दिसलं, तिथे सजेची हद्द होती का, हे दर प्रसंगाला तपासावं लागतं. मी चक्क गावनकाशासारखा एक नकाशा काढून भिंतीवर लावला आहे. लाल रेषेच्या पलीकडे तात्या आंधळे.

खून ठेवला नाही. नायक आधीच मेलेला आहे, हलक्याफुलक्या कथेत तेवढं पुरे. एक म्हातारा विहिरीत पडतो, वाचतो, पण बोलायचं टाळतो. भाऊबंदकीत एक बाग विकली जाणार आहे. वारसनोंदीचा अर्ज आलेला आहे. फेरफार नोंदवहीत, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहितात त्या वहीत, नोंद घातली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. माझं घड्याळ हेच. बॉम्बची टिकटिक नको, पंधरा दिवसांची नोटीस पुरते. कोकणात पंधरा दिवसांत माणूस भावाशी बोलणं बंद करतो, कोर्टाची पायरी चढतो आणि गणपतीला पुन्हा एकाच पंगतीला जेवायला बसतो.

दुवा लपवायचा कुठे, हा नेहमीचा प्रश्न होता. पूर्वी मी वर्णनात लपवत असे, टेबलावरच्या पाच वस्तूंतली तिसरी. हल्लीचे वाचक चलाख आहेत, वस्तूंची यादी दिसली की बोट ठेवून वाचतात. पण या कथेत एक नवी जागा सापडली: विनोद. माणूस हसतो तेव्हा तपासत नाही. तात्या जिल्ह्यावरून हुज्जत घालतात ते वाक्य वाचक हसून पुढे जातो, आणि गुन्हेगाराची अख्खी चूक त्या वाक्यात उघडी पडलेली असते. एवढं सांगितलं तरी फार झालं. १९७९ च्या आधीचा म्हणून दाखवलेला एखादा कागद कुठल्या जिल्ह्याचं नाव घेतो ते बघा म्हणजे झालं. (मुद्रितं तपासणाऱ्यांनी हे वाचलं तर कृपया गप्प बसावं.)

हे जमल्यावर नॉक्सबुवांशी मनातल्या मनात समेट केला. त्यांचा राग भुतावर नव्हता, लेखकाच्या फसवणुकीवर होता. माझं भूत वाचकापेक्षा जास्त जाणत नाही, उलट दोन जिल्हे कमीच जाणतं.

मंगळवार, पहाट

झोप नाही. वडिलांची आठवण येत होती. गल्लीतल्या वाचनालयातून ते बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायचे, रात्रीत एक संपवायचे आणि सकाळी बदलायला मला पाठवायचे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड असे नायक, एकामागून एक. मी वर्षाला एक लिहिते आणि मानेला पट्टा लावते. त्या काळात लोक हातात घडी पडेल अशी पुस्तकं लोकलमध्ये उभ्याने वाचत, आणि साहित्यसंमेलनात त्यांचं नाव काढत नसत. ते दुसरं अजून तसंच आहे. परवा एका कार्यक्रमात कुणीतरी माझी ओळख करून देताना म्हणाले, "या लेखन करतात, शिवाय रहस्यकथाही लिहितात." त्या "शिवाय"वर मी गुळगुळीत हसले. पुढच्या कथेतला पहिला संशयित त्यांच्यासारखा दिसणार आहे, चष्म्यासकट.

एक अडचण मात्र खरी आहे. संपादकांना आता मालिका हवी आहे, दर दिवाळीला तात्या. पण पोराची नोंद झाली की तात्यांची वासना फिटली, ते सुटले. तपास जितका चांगला, तितका माझा नायक मुक्तीच्या जवळ. शेवटी सुरेखाने नोंद घातली, नोटीस काढली, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजुरीसाठी "पाहून घेऊ" म्हणून बाजूला ठेवला. वाचकांपैकी कुणाला हे अतर्क्य वाटेल असं मला वाटत नाही. तात्या तिला एवढंच म्हणतात, "मेलंय मी, घाई माका नाय."

शुक्रवार

कथा गेली. संध्याकाळी चित्रकाराचा फोन. बत्तीस वर्षांचा, गुणी मुलगा. त्याने कथा न वाचताच रेखाटन पाठवलं होतं: विहीर, पिवळा चंद्र, पांढऱ्या साडीतली मोकळ्या केसांची बाई.

"बाई कुठून आली रे?" मी विचारलं.

"भुताची कथा आहे ना मॅडम?"

"भूत पुरुष आहे. तलाठी."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "तलाठी कसा काढू?"

मी सांगितलं. बुशशर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं एक लाल. काखेत छत्री, समोर लाल रुमालात बांधलेलं दप्तर. पाय सरळ. धूर नको, चंद्र नको, मागे ट्यूबलाइट.

"मग मॅडम, हा भूत आहे हे वाचकाला कळणार कसं?"

"घड्याळ काढ," म्हटलं. "सकाळचे पावणेदहा, आणि तलाठी जागेवर."