पैज हरलो

बुधवार, २९ जून २०२२. ॲलनटाऊन, पेनसिल्व्हेनिया. रात्रीचे साडेअकरा.

आत्ताच टीव्ही बंद केला. बेसबॉलचा सामना होता. फिली, म्हणजे आमची फिलाडेल्फिया फिलीज, हरली, अटलांटाने सामना नेला, पण आज आमच्या घरात त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. आम्ही जागे होतो ते नवव्या, शेवटच्या इनिंगसाठी. बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचर बसतात तिथलं, दार उघडलं आणि मार्क ॲपल हा पिचर (चेंडू टाकणारा) धावत माउंडवर आला. एक इनिंग टाकली, धाव एकही दिली नाही, एकाला स्ट्राइकआउट करून बाद केलं. सगळा थोडक्या मिनिटांचा मामला. पुढच्या महिन्यात हा माणूस ३१ वर्षांचा होईल, आणि मेजर लीगमधला, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधला, त्याचा हा पहिला सामना.

लगेच शेजारच्या काकांचा फोन. हॅलो नाही, बिलो नाही, नुसतं हसणं. (काका अस्सल अमेरिकन, जन्म इथल्याच शेजारच्या बेथलेहेम गावचा. लेक लहानपणापासून काका म्हणते म्हणून आमचेही काकाच.)

पैज गेल्या उन्हाळ्यातली. आम्ही तिघं कोका-कोला पार्कात आयर्नपिग्जची, म्हणजे फिलीच्या हाताखालच्या आमच्या गावच्या संघाची, गेम बघायला गेलो होतो. फिलीत जाण्याआधीची शेवटची पायरी म्हणजे आमचं हे गाव. त्या दिवशी ॲपल टाकत होता आणि बघवत नव्हतं. वेग होता, नाही असं नाही, पण चेंडू वर राहत होते आणि बॅटर निवांत वाट बघत होते. लेकीने फोनवर आकडा काढला आणि म्हणाली, "बाबा, हे बघ. याला ठेवलंय कशाला अजून?" सीझन संपला तेव्हा तो आकडा ६.०६ वर थांबला. म्हणजे दर नऊ इनिंगमागे सहाच्या वर धावा. पिचरसाठी हे नापासाचं प्रगतिपुस्तक. मीही म्हणालो, सोडून द्यायला हवा. काका म्हणाले, ठेवतील, आणि तो फिलीत खेळेलही. मी म्हटलं, खेळला तर डझनभर चकल्या माझ्याकडून.

मला आठवत होतं ते २०१३. स्टॅनफर्डचा हा पोरगा त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरला गेला. आदल्या वर्षी पिट्सबर्गने आठव्या नंबरला घेऊन ३८ लाख डॉलर देऊ केले होते, ते नाकारून तो कॉलेजात परतला होता. ह्यूस्टनने मोजले ६३ लाख ५० हजार. त्याच्यामागून दुसऱ्या नंबरला शिकागोने घेतला क्रिस ब्रायंट, जो २०१६ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि त्याच वर्षी विश्वविजेताही. ॲपल मात्र २०१४ला कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरमध्ये, ह्यूस्टनच्या खालच्या पायरीवरच्या संघात, ९.७४ने धावा देत होता, आणि तरी त्याला वरच्या पायरीवर चढवलं. मग फिलीशी अदलाबदल, कोपराची शस्त्रक्रिया, खांदा, आणि २०१८च्या सुरुवातीला तो सरळ घरी गेला. तीन वर्षं गायब. २०२१ला परत आला तो हा असा, ६.०६ घेऊन.

आता कुणीही सांगेल, चूक माझी झाली. झालीच. पण माझा मुद्दा अजून मला चुकीचा वाटत नाही, आणि हे काकांना फोनवर पटवून देता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

२०२१ला मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे, संघ १६० वरून १२० वर आणले. ड्राफ्टच्या फेऱ्या ४० होत्या, त्या २० केल्या. जागा इतक्या घटल्यावर ६.०६ वाल्याला ठेवणं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी बॅग भरायला सांगणं. तो दुसरा कोण, हे कुठे छापून येत नाही. लेक सहावीत असताना कुंपणाशी उभं राहून तिने एका रिलीव्हरकडून (सामन्याच्या मध्येच येणारा पिचर) चेंडूवर सही घेतली होती. नाव इतकं गिचमिड की आजही लागत नाही. पुढच्या एप्रिलला तो नव्हता. पहिल्या नंबरच्या पोराला नऊ वर्षं मिळतात, तिसाव्या फेरीतल्याला तोच आकडा असता तर संध्याकाळपर्यंत लॉकर रिकामा झाला असता. ॲपलच्या बाबतीत तर ते ६३ लाखही फिलीचे नव्हते, ह्यूस्टनचे होते. पण नावाचा दबदबा राहतोच. आपल्याकडे घराणं बघून पोरगी देतात, तसंच हे.

आणि पैसा? ट्रिपल-एमध्ये, म्हणजे आमच्या आयर्नपिग्जच्या पायरीवर, यंदा २०२२ला किमान पगार आठवड्याला ७०० डॉलर, तोही सीझनपुरता. मेजर लीगमध्ये वर्षाला किमान ७,००,०००. आकडा तोच, मागे तीन शून्यं. एका माणसाला आणखी एक उन्हाळा ठेवणं संघाला चहापाण्याच्या खर्चाइतकं पडतं. त्यामुळे "संघाने विश्वास दाखवला" वगैरे ऐकलं की मला जरा हसू येतं. महाग पडतं ते त्या माणसाला. वय जातं.

फिलीने बरोबर काय केलं, तर नुसतं ठेवलं नाही, काम बदललं. गेल्या वर्षी त्याला सलग बराच वेळ टाकायला लावत होते, पाच-पाच इनिंग. या वर्षी बुलपेनमध्ये बसवला. ये, एक-दोन इनिंग जीव तोडून टाक, जा. दुसऱ्यांदा तोच बॅटर समोर यायच्या आत याचं काम संपलेलं. इथे ५ विजय, हार एकही नाही, आणि सरासरी १.६१. माणूस तोच, हात तोच. मी गेल्या वर्षी "ठेवा की सोडा" एवढंच बघत बसलो. कशासाठी ठेवायचा, हे डोक्यातच आलं नाही.

खरं तर यायला हवं होतं. मी कोल्हापूरचा, आमची उद्यमनगरात छोटी फाउंड्री होती. आण्णा हातोडीने प्रत्येक कास्टिंगवर टकटक करायचे. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं की खडूने फुली. पण फुलीचा सगळा माल लगेच भट्टीत जात नसे. कोपऱ्यात एक ढीग असायचा, त्यातून वजनाचे ठोकळे म्हणून कित्येक नग गेले. तिथे नुसतं जडपण लागतं, आतला पोकळपणा चालतो. काका बेथलेहेम स्टीलमधले. १९९५ला तिथल्या भट्ट्या विझल्या आणि त्यांनाही घरी बसवलं. आयर्नपिग्ज हे नावच पिग आयर्नवरून, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडावरून, आलेलं, हे त्यांनी मला पहिल्याच गेमला सांगितलं होतं. त्यांनी ॲपलची बाजू का घेतली, ते मी कधी विचारलं नाही.

पहिल्या नंबरला निवडला गेला, त्या संघाशी करारही केला आणि सगळा प्रवास संपला तरी मेजर लीगचं तोंड पाहिलं नाही, अशी दोनच नावं लेकीने काढली. १९६६चा स्टीव्ह चिल्कॉट आणि १९९१चा ब्रायन टेलर. तिसरं ॲपलचं होणार होतं, आज रात्री वाचलं. उद्या त्याला परत आमच्या गावात पाठवतील, तेही शक्य आहे. मग आम्हीच बघायला जाऊ.

बायको म्हणते भाजणी फ्रीजरमध्ये दिवाळीपासून पडून आहे, वाटीभर असेल. डझनाला पुरणार नाही. आणि पैज तू लावलीस, तळायच्याही तूच.