दादाचा गुडघा आणि भाचीचं लग्न

दादाचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. लहानपणी न पडता न लागता रात्रीतनं सुजायचा, कातडी ताणून चकचकीत व्हायची आणि हात लावला तर गरम लागायची, मग आई फडक्यात बर्फ बांधून पहाटेपर्यंत उशाला बसायची. कोरेगावात आमच्या आळीत फ्रीज एकाच घरी, त्यामुळं भांडं घेऊन बर्फासाठी पळायचं काम माझं.

वात आहे, संधिवात आहे असं बरीच वर्षं चाललं, शेवटी पुण्यात तपासणी झाली तेव्हा कळलं हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठायला लागणारं फॅक्टर आठ त्याच्या अंगात जवळजवळ बनतच नाही. लोकांना वाटतं जखम झाली की रक्त थांबत नाही एवढंच, पण खरा त्रास आतला, सांध्यात रक्त साठतं आणि असं परत परत झालं की सांधा आखडून जातो. सूज आली की एसटीत समोरच्या सीटवर पाय लांब करून पुण्याला जायचं, फॅक्टर घ्यायचं आणि परत यायचं. आता साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये मिळतं, तेव्हा नव्हतं.

आईनं काय काय ऐकलं ते मी ऐकलंय. "माहेरनं आणलंस हे." आईचा धाकटा भाऊ दुधाचा दात पडल्यावर रक्त न थांबल्यानं गेला होता, पण ते आणि हे कुणी जोडलंच नव्हतं. नात्यात लग्न केलं म्हणून झालं असंही म्हणायचे, ते तर चूकच, नात्यातल्या लग्नानं थॅलेसेमियासारख्या आजाराचा धोका वाढतो कारण तिथं दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, हिमोफिलियात मुलग्याला आईकडून आलेला एकच पुरतो. साधारण तीनातल्या एका पेशंटच्या घरात तर आधी कुणालाच नसतो. मग दोष कुणाला देणार?

दादाला मुलगा झाला, त्याला काही नाही निघालं, घरात पेढे वाटले, गेला एकदाचा रोग घरातनं म्हणून. भाचीचा, म्हणजे दादाच्या मुलीचा, विचार कुणीच केला नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, बापाकडून मुलग्याला वाय गुणसूत्र जातं आणि मुलीला एक्स, आणि दादाचा एकुलता एक एक्स तो दोषाचाच, म्हणजे ती वाहक, दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारी, असणारच, त्यात जर-तर नाहीच. तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार असण्याची शक्यता निम्मी.

आता तिला कराडचं स्थळ आलंय. वहिनी म्हणते, सांगायचं कशाला, पोरगी ठणठणीत आहे. मी पण ठणठणीतच होते की! दाढ काढल्यावर दोन दिवस तोंडातनं रक्त येत होतं आणि डॉक्टर म्हणाले होतं असं, पाळीला दर महिन्याला चादर भिजायची आणि आई म्हणायची बाईच्या जातीला असतंच. चौतिसाव्या वर्षी तपासलं तर फॅक्टर तीस टक्के. वाहक बायकांचं पण फॅक्टर कमी असू शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळंतपणाआधी डॉक्टरांना माहीत असेल तर चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ ओढणं टाळता येतं, आईचा आणि बाळाचा दोघांचा जीव असतो त्यात, हे लपवायचं कसं काय?

गेल्या रविवारी भाचीनं स्वतःच त्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला घरी बोलून सांगतो. मग ती मला म्हणाली, "आत्या, माझं फॅक्टर तपासायला कधी जायचं?" सोमवारीच रक्त देऊन आलो. रिपोर्ट अजून यायचाय, त्या मुलाचा फोनही. वहिनी माझ्याशी बोलत नाही.