भिजलेला नवतपा आणि २७ अडेनियम

मागच्या नोंदीत, मार्चमध्ये छाटणी आटोपल्यावर, मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मेअखेर गच्चीवर पाय ठेवायला जागा राहणार नाही इतकी फुलं असतील. जागा आहे. भरपूर आहे. तीन कुंड्या तर रिकाम्या करून पालथ्याच घातल्यात.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: सेमिनरी हिल्सच्या उतारावर दुसऱ्या मजल्याची गच्ची, पश्चिमेला आड काहीही नाही, २७ अडेनियम. नागपूर तसंही पठारावरचं, समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटर, आणि आमची टेकडी त्याहून जरा वर, त्यामुळे वारा आणि ऊन दोन्हींची कमी नाही. सगळ्यात म्हातारं झाड नऊ वर्षांचं, बी लावून वाढवलेलं. कॉडेक्सचं, म्हणजे बुडाशी फुगलेल्या खोडाचं, पोट असं सुटलंय की घरात त्याला लंबोदर म्हणतात.

बाकी शहरांतले लोक अडेनियमसाठी काय काय करतात. आपण कुंडी उघड्यावर ठेवतो आणि विसरतो. वाळवंटातलं झाड, आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. नावच येमेनमधल्या एडन बंदरावरून पडलेलं. त्याला आपला मे महिना म्हणजे माहेर. ज्या गावात २३ मे २०१३ला ४७.९ अंश नोंदले गेलेत, त्या गावात उन्हाची मिजास करायला लाज कसली? २०२४मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. यंत्र बिघडलं होतं हे नंतर कळलं, पण तोवर अर्ध्या गावाने ते कौतुकाने एकमेकांना पाठवून झालं होतं.

यंदा, म्हणजे २०२५ला, एप्रिल आपल्या वळणावर होता. कूलरच्या ताट्या बदलून झाल्या होत्या, दुपारी बारानंतर रस्ता ओस, बाहेर पडायचं तर तोंडाला दुपट्टा. छाटलेल्या फांद्यांना टपोरे डोळे फुटले, कळ्यांचे झुपके दिसायला लागले. मी हिशेबाने पाणी कमी केलं. झाडाला जरा तहानलेलं ठेवायचं, वरून ऊन तापू द्यायचं, मग पाणी सोडलं की एकदम फुलतं, हे आपण सगळे करतोच.

मग मे लागला आणि आभाळ आलं. सकाळी बरं ऊन, दुपारी तीनला पश्चिमेकडून काळं, चारला वादळ, सहाला लाईट गेलेली. हे एकदा झालं तर गंमत वाटते. पण दोन दिवस कोरडे गेले की तिसऱ्या दिवशी परत तेच. एकदा गारा पडल्या, बोरांएवढ्या. पानांना भोकं पडली आणि तीन झाडांचे कळ्यांचे झुपके गच्चीभर सांडले. तिकडे केरळात मान्सून २४ मेलाच पोचला, आणि मुंबईत, जिथे तो एरवी ११ जूनच्या आसपास येतो, २६लाच. आपल्याकडे रीतसर यायची तारीख जूनच्या मध्याची, पण ढगांनी काही तारीख पाहिली नाही. २५ला नवतपा लागला. सूर्य रोहिणीत, जमीन भाजून निघायची ती हीच नऊ दिवसं. त्यातही मी संध्याकाळी गच्चीवर वायपर घेऊन पाणी सारत होतो. कूलर तर बंदच ठेवला. हवेत एवढी ओल असली की तो नुसता ओला वारा मारतो, गारवा शून्य.

आईचं दुःख माझ्याहून मोठं. तिने गहू तीन दिवस भिजवले, वाटले, चीक काढला, आणि कुरडया घालायच्या सकाळी आभाळ भरून आलं. “अरे बाप्पा, हा काय उन्हाळा होय? आता मी हा चीक घेऊन कुठं बसू?” शेवटी हॉलमध्ये पलंगावर प्लॅस्टिक अंथरून पंख्याखाली घातल्या. सरगुंडे यंदा केलेच नाहीत.

तर झाडं. पहिला इशारा मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला आणि मी तो चुकीचा वाचला. चार झाडांची खालची पानं पिवळी पडली. उन्हाळ्यात पान पिवळं म्हणजे तहान, हे डोक्यात इतकं बसलंय की मी पाणी घातलं. वर पाऊस चालू असताना, खाली मी. पाच दिवसांनी एकाचं कॉडेक्स अंगठ्याने दाबलं तर पिकलेल्या चिकूसारखं लागलं.

नवीन मंडळींनी हे नीट पाहून ठेवा. तहानेने मऊ पडलेलं कॉडेक्स सगळीकडून सारखं मऊ असतं, साल सुरकुतते, आणि पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा टणक होतं. कुजलेलं एका जागी मऊ असतं, बहुतेक वेळा मातीच्या रेषेशी किंवा खाली, दाबल्यावर बोट आत जातं, आणि वास येतो. तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

मग एका रविवारी सगळ्या २७ कुंड्या दाबून पाहिल्या. सहा मऊ. सहावा लंबोदर.

पाच मिनिटं मी नुसताच बसून होतो, मग चहा घेतला, मग सुरी उकळायला ठेवली. कुंडीतून काढला तेव्हा खालची मुळं हातातच सुटली, तपकिरी, शेवयांसारखी. डाव्या अंगाला मुठीएवढा भाग गेला होता. कापत गेलो. दर कापाला सुरी स्पिरिटने पुसायची, नाहीतर कुजकं आपणच चांगल्यात नेतो. पांढरं स्वच्छ लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि नुसतं पांढरं पुरत नाही. त्यात तपकिरी ठिपके किंवा कडं दिसलं तर अजून आत जा. माझा हात दोनदा थांबला, इतकं पुरे असं वाटलं, आणि दोन्ही वेळा कडं होतंच. शेवटी पोटाचा तिसरा हिस्सा गेला. जखमेवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची लापशी फासली, पानं सगळी काढली म्हणजे पाणी उडायला नको, आणि उलटं टांगलं.

टांगलं कुठे? कोरडी हवा घरात एकाच ठिकाणी, हॉलमधल्या पंख्याखाली. दोरीवर सहा बोडकी अडेनियम, खाली पलंगावर कुरडया. आई स्वयंपाकघरातून आली, वर पाहिलं, खाली पाहिलं.

“काय करून राहिला तू? त्याचा चीक विषारी ना?”

“हो. आफ्रिकेत बाणांना लावायचे.”

“मग माझ्या चिकावर कायला टांगून राहिला?”

याला उत्तर नव्हतं. झाडं माझ्या खोलीत गेली, टेबलफॅनसकट. (हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका, हे तिला ठाऊक आहे. कण्हेरीच्याच कुळातलं झाड हे.)

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर ही नोंद लिहितोय. पाऊस सगळ्यांच्याच गच्चीवर पडला. धरमपेठेतल्या आमच्या एका अडेनियमवाल्या ताईंकडे चाळीसेक झाडं आहेत, त्यांचं एकच गेलं. माझी सहा. गेली आठ-नऊ वर्षं मी इथे मिश्रणाच्या गोष्टी सांगत आलोय: निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव गांडूळखत, पाव रेती. आणि चाललं ते, झकास चाललं, कारण ४५ अंशांत दहा इंची कुंडी दीड दिवसात ठणठणीत कोरडी होते. कोकोपीटने धरलेला ओलावा त्या उन्हात उपयोगीच पडायचा. माझी चूक ऊन दर वर्षी सावरून घेत होतं आणि कौतुक मी घेत होतो. यंदा लाकडी काडी कुंडीत खुपसून पाहिली, तर पावसानंतर पाचव्या दिवशीही टोक ओलं. वर बोटभर कोरडं, तळाशी चिखल.

ताईंकडे जाऊन कुंडी उकरून पाहिली. त्यांनी काही मनावर घेतलं नाही, उलट चहा दिला. त्यांच्याकडे कोकोपीट नावालाच. जाड रेती, हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, थोडं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. “भाऊ, पाणी वरून घातलं की खालून दिसलं पाहिजे, दहा मोजायच्या आत,” एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येऊन माझ्या कुंड्यांवर मोजलं. एकीत पस्तीस झाले. एकीत मोजायचं सोडून दिलं.

नवं मिश्रण असं: दोन भाग विटांचे तुकडे, दोन भाग कन्हान नदीची रेती, एक भाग कोकोपीट आणि शेणखत मिळून, वर निंबोळी पेंड. विटा लाल मातीच्या, भाजलेल्या घ्या. राखेच्या राखाडी विटा मी घेतल्या नाहीत. रेती चाळून जाड तेवढीच ठेवली, आणि धुतली. हे धुणं टाळू नका. कन्हानची रेती म्हणून आपण डोळे मिटून घेतो, पण पहिल्या तीन बादल्यांना पाणी चहासारखं निघालं. ती सगळी गाळ-माती कुंडीच्या तळाशी बसून भोकं बंद करते. कुंड्यांखालच्या ताटल्या काढल्या, प्रत्येक कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर उचलली. हा उद्योग चार संध्याकाळी चालला, कंबर गेली.

मध्ये काटोलच्या मामांचा फोन आला. त्यांची संत्र्याची बाग आहे, मृग बहाराची. तुमच्यापैकी शेतीवाल्यांना माहीत आहे: या बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जमीन हलकी की भारी ते पाहून महिना-दीड महिना. पानं मलूल होतात, झाड थांबतं, आणि मग मृगाच्या पावसाने एकदम फुलतं. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतं. मेमध्येच पाऊस आला की ताण मोडतो. झाड फुलांऐवजी नवती काढतं, कोवळी हिरवी पालवी. “बाग अशी हिरवी झाली की पाहत राहावं,” मामा म्हणाले, “आणि फूल एक नाही.” मी माझ्या गच्चीकडे पाहिलं. तेच. वाचलेली २१ झाडं पानांनी गच्च, मार्चमध्ये घेतलेला आकार पार हरवला, फांद्या वीतभर लांबल्या आणि टोकाला कळी नाही. ताण माझ्याही झाडांचा मोडलाच होता. पण मामांना मी माझं काही बोललो नाही. त्यांचं वर्षाचं उत्पन्न आहे, माझ्या कुंड्या आहेत.

बियांचं फार सांगण्यासारखं नाही. ताज्या शेंगेतल्या ४० पेरल्या, ३१ उगवल्या, मग ढगाळ आठवड्यात रोपं मातीशी बारीक होऊन कोलमडत गेली. १२ उरली. ती खिडकीत आहेत आणि उंच, बारीक, कॉलेजात जाणाऱ्या पोरांसारखी दिसतात.

जमेच्या बाजूला काही नाही असं नाही. दर मेमध्ये पानांखाली लाल कोळी ही कीड असते, यंदा एकही नाही. त्याला कोरडी, तापलेली हवा लागते. आणि जी मोजकी फुलं आली, ती टिकली. एरवी गर्द रंगाच्या फुलांच्या कडा दुसऱ्या दिवशी करपतात. यंदा एक दुहेरी मरून फूल आठवडाभर तसंच होतं. बदल्यात कण्हेरीवरचा तो जाडजूड हिरवा सुरवंट, डोक्याशी निळे डोळे असलेला, माझ्याकडे पावसाळ्यात येणारा पाहुणा, मेमध्येच हजर. एका रात्रीत अर्धं झाड साफ केलं. त्याचा पतंग फार देखणा होतो म्हणून मारवत नाही. कागदावर घेऊन गल्लीच्या तोंडाच्या कण्हेरीवर सोडून आलो.

सहापैकी तीन गेली. एकात टांगल्यावरही कूज चढत राहिली, दोन वाळून काष्ठ झाली. उरलेली तीन अकराव्या दिवशी, जखम टणक खपलीसारखी झाल्यावर, नव्या कोरड्या मिश्रणात लावली आणि आठवडाभर पाणी दिलं नाही. लंबोदर त्यात आहे. आता तो एका अंगावर रेलून बसल्यासारखा दिसतो, दोन काड्यांच्या आधाराने. काल सकाळी उजव्या फांदीवर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. भिंगाने पाहिला. डोळाच आहे. मुळं धरली की नाही ते अजून हलवून पाहिलेलं नाही, तुम्हीही सांगू नका पाहायला. कुरडया मात्र आंबूस निघाल्या. तळल्यावर चालतात असं आई म्हणते, बाकी कोणी म्हणत नाही.

आता खरा पावसाळा समोर आहे आणि मला गच्चीच्या पश्चिम अर्ध्या भागावर छप्पर हवंय. जाड पारदर्शक प्लॅस्टिक स्वस्त पडतं, पण आमच्या टेकडीवरचा वारा ते एका वादळात फुटाळा तलावापर्यंत नेईल. पॉलिकार्बोनेटचे पत्रे कोणी लावले असतील तर दोन गोष्टी सांगा: फ्रेमला उतार किती ठेवला, आणि पाऊस पडताना आवाज किती होतो. खाली आईची खोली आहे.