घमेल्याचं बूड

हळद काढायचा सीझन आला की मला फोन सुरू होतात. सांगलीत एकाकडं जुना मेटल डिटेक्टर आहे एवढं शेतात पसरलं की बास. कुणाचं जोडवं पडलेलं असतं, कुणाचं कानातलं, आणि मधेच एखादा हळूच, "गुप्तधन घावतं का हो?" त्याला मी १८७८ चा कायदा सांगतो, १० रुपयांच्या वरचं पुरलेलं घबाड घावलं की कलेक्टरला कळवायचं. मग तो गपगुमान जोडव्यावर येतो.

मशीनच्या खाली ती चपटी थाळी असते ना, कॉइल, आत तांब्याच्या तारेचे वेढे. ती ढेकळांवर, बुडख्यांवर घासत फिरवायची. प्लास्टिक झिजून आत पाणी गेलं की खेळ खलास. विकतचं कव्हर मिळतं, पण माझं मॉडेल इतकं जुनं की त्या मापाचं काही घावलंच नाही. मग आईचं लाल प्लास्टिकचं घमेलं घेतलं (काठ फुटलेलाच होता, खरंच), बुडावर कॉइल ठेवून पेनानं आखलं, हॅक्सॉ ब्लेडनं कापलं आणि कडेनं चिकटपट्टी मारली. शेजारचे काका म्हणाले, "त्यापेक्षा पत्रा लाव की, जन्मभर टिकंल." टिकंल ओ काका, पण मशीन दिवसभर त्या पत्र्यालाच बघून बोंबलत बसंल.

बोंबललंच, पत्रा नसताना. आदल्या दिवशी हरिपूरच्या संगमावर उगाच हौसेनं फिरवून आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी एका मावशींच्या रानात, जिथं फिरवावं तिथं टुईं टुईं. चार खड्डे खणले, चारही रिकामे. शेवटी वैतागून पट्टी सोडली, तर कव्हर आणि कॉइलच्या मधे काळी बारीक वाळू, चिमूट दोन चिमूट असंल. चुंबक जवळ नेला तर कण केसासारखे ताठ उभे. आपल्या काळ्या दगडातलंच लोखंडी खनिज ते, नदीनं दळून आणलेलं, कव्हरात हललं की मशीनला वाटतं माल घावला.

तेव्हापासून मी पट्टी अर्ध्याच कडेला मारतो. सगळं पॅक केलं तरी पाणी माती जातेच, फक्त बाहेर यायची वाट बंद होते.

वाळू झटकली, मशीन शांत झालं, आणि बांधाजवळ चार बोटं खाली जोडवं निघालं. मावशींनी ते पदराला पुसलं, पायानं खड्ड्यांत माती लोटत म्हणाल्या, "पुढच्या टायमाला ते घमेलं घरी धुऊन आण, बाबा."